इंटरनेटशी जोडलेला हौशी रेडिओ : आपत्तीत दुवा नेमका कुठे तुटतो?

दीर्घलहर (धागाकर्ता)

हौशी रेडिओ आणि आपत्कालीन संपर्क या विषयावर बोलणे निघाले की मते दोन टोकांना जातात. काहींना वाटते की रिपीटर इंटरनेटने एकमेकांना जोडले आणि खिशातल्या पाच वॉटच्या हँडसेटवरून दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलता आले, म्हणजे आपत्तीतल्या संपर्काची चिंता मिटली. काही जुन्या हॅमांचे (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांचे) म्हणणे याच्या बरोबर उलट असते; संकटात जी व्यवस्था सर्वांत आधी कोलमडते, तिच्याच आधारावर आपला रेडिओ उभा करायचा हे त्यांना पटत नाही. मी बरीच वर्षे एक नोड चालवत आलो आहे आणि वादळांच्या दिवसांत नेटचा, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर शिस्तीने भरणाऱ्या रेडिओ-बैठकीचा, नियंत्रक म्हणूनही बसलो आहे. त्या अनुभवातून मला ठामपणे असे वाटू लागले आहे की सारा निकाल एकाच गोष्टीवर लागतो : साखळीतला इंटरनेटचा दुवा आपत्तीच्या क्षेत्रात आहे की क्षेत्राबाहेर. या धाग्यात त्याचीच नीट चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

ज्यांना ही रचना नवी आहे त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. १४४ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या हँडसेटच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यापर्यंतच जातात, म्हणून उंच जागी रिपीटर बसवलेला असतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, जास्त शक्तीने, तेच पुन्हा प्रसारित करतो. या रिपीटरला एक रेडिओ आणि छोटा संगणक जोडला की आवाजाची डेटा-पाकिटे होऊन ती इंटरनेटवरून दुसऱ्या ठिकाणच्या तशाच जोडीकडे जातात, आणि तिथला रेडिओ तो आवाज पुन्हा हवेत सोडतो. या जोडीलाच नोड म्हणतात. कॅनडातल्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९९७ साली सुरू केलेल्या आयआरएलपी या पद्धतीमध्ये बोलणाऱ्याने रेडिओवरूनच यायचे असा दंडक आहे. हँडसेटच्या कळांनी चार आकडी क्रमांक दिला की पलीकडचा नोड जोडला जातो. जोनाथन टेलर यांनी २००२ मध्ये आणलेल्या इकोलिंकने ही अट सैल केली आणि परवानाधारक हॅमला, त्याच्या कॉल-साइनची (परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखचिन्हाची) पडताळणी करून, संगणकावरून किंवा फोनवरूनही आत येऊ दिले. जपानच्या हौशी रेडिओ संघटनेने विकसित केलेले डी-स्टार, मुळात व्यावसायिक संचांसाठी ठरवलेले डीएमआर, टेलिफोन एक्स्चेंजच्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभे असलेले ऑलस्टार अशा बऱ्याच पद्धती आज वापरात आहेत, पण लांबचे रिपीटर जोडायचे झाले की त्या सर्वांत मधला दुवा बहुधा इंटरनेटचाच असतो.

हे जाळे उत्तम चालते याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचे आहे. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रात डब्ल्यूएक्स४एनएचसी या कॉल-साइनचे हौशी केंद्र आहे. एखादे वादळ किनाऱ्यावर येऊ लागले की व्हॉइप (इंटरनेटवरून आवाज नेणारे) हरिकेन नेट इकोलिंकच्या एका कॉन्फरन्सवर आणि आयआरएलपीच्या ९२१९ क्रमांकाच्या रिफ्लेक्टरवर (अनेक नोड एकत्र जोडणाऱ्या सर्व्हरवर) एकत्रच भरते, आणि वादळाच्या वाटेवरच्या घरांतून हॅम मंडळी वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, पाण्याची पातळी आणि दिसलेले नुकसान सांगत राहतात. उपग्रहाला ढगांचा माथा दिसतो. एखाद्या गल्लीत पाणी गुडघ्याला लागले आहे की कमरेला, हे तिथे उभा असलेला माणूसच सांगू शकतो. याच केंद्रासाठी १९६५ पासून हरिकेन वॉच नेट १४.३२५ मेगाहर्ट्झवर लघुलहरींतून (शॉर्टवेव्हवरून) हेच काम करत आले आहे, आणि त्याला मध्ये इंटरनेट लागत नाही. वादळ येईपर्यंत जोडलेले रिपीटर भरभरून माहिती देतात, कारण त्यासाठी साधा हँडसेट पुरतो. वादळ डोक्यावर आल्यावर तारा आणि मनोरे पडू लागतात, तेव्हा एकेक नोड गप्प होतो आणि लघुलहरींवरचे आवाज तेवढे उरतात.

आता उलट बाजू पाहू. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आदळल्यानंतर तिथले ९५ टक्क्यांहून अधिक मोबाइल मनोरे बंद पडले होते. अशा बेटावर नोडला कोण जोडणार? तिथे रेड क्रॉसच्या विनंतीवरून अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी रेडिओ संघटनेने वीसहून अधिक स्वयंसेवक पाठवले, आणि त्यांच्यासोबत गेली ती लघुलहरींची यंत्रे. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगाची समुद्राखालची केबल तुटली, ती जोडायला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारतातल्या हॅमांचा एक चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होता, आणि इतर मार्ग बंद झाले असताना त्यांच्या लघुलहरींच्या केंद्रावरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर पोहोचले.

म्हणून माझी सूचना अशी आहे की प्रत्येक गटाने आपल्या संपर्काचा आराखडा काढताना नकाशावर इंटरनेटचा प्रत्येक दुवा लाल रंगाने दाखवावा, आणि आपत्तीच्या क्षेत्रात पडणारी प्रत्येक लाल रेघ तुटली आहे असे धरून उरलेला आराखडा चालतो का ते पाहावे. आपले अनुभव जरूर लिहा.

ध्रुवमत्स्य

दीर्घलहर, धागा अतिशय गरजेचा आहे, पण मी एक पाऊल पुढे जाऊन मतभेद नोंदवतो. दोन अँटेनांच्या मध्ये केवळ आकाश असणे हेच आपल्या छंदाचे बळ आहे, आणि जोडलेल्या रिपीटरांच्या सवयीने ते बळ कमी होताना मी पाहत आहे. आमच्या गटात गेल्या काही वर्षांत आलेल्या बहुतेकांकडे डिजिटल हँडसेट आणि घरगुती हॉटस्पॉट (हँडसेटला इंटरनेटशी जोडणारा छोटा नोड) आहे. त्यांचे रोजचे बोलणे उत्तम चालते, पण त्यांतल्या निम्म्यांनी आजवर तारेची अँटेना बांधलेली नाही.

आपत्तीत बहुतेक निरोप दोनशे-तीनशे किलोमीटरच्या आतलेच असतात, आणि एवढ्या अंतरासाठी इंटरनेटची गरजच नाही. ७.१ मेगाहर्ट्झसाठी १४२.५ ला फ्रिक्वेन्सीने भागले की द्विध्रुव अँटेनेची एकूण लांबी सुमारे २० मीटर येते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. ती मुद्दाम खाली, तीन ते पाच मीटर उंचीवर ताणली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरावरून (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत फिरून सभोवतालच्या शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत पसरतात; मध्ये डोंगर असला तरी अडचण येत नाही. रात्री ही फ्रिक्वेन्सी आयनांबर भेदून निघून जाते, तेव्हा ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरावे लागते आणि तार दुप्पट लागते. हे सगळे एका पिशवीत मावते आणि दोघांना अर्ध्या तासात उभे करता येते. नवशिक्याला आधी हे आले पाहिजे, नोड नंतर.

तारयंत्र

ध्रुवमत्स्य यांच्या म्हणण्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. तरीही नोडवर विश्वास ठेवावा की नाही यापेक्षा तो आडवा येणार नाही ना, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि त्याचे कारण माझ्याच नोडवर घडलेला एक प्रसंग आहे.

पुराच्या दुसऱ्या रात्री आमचा रिपीटर एका मोठ्या रिफ्लेक्टरला जोडून ठेवला होता, कारण बाहेरून मदत देऊ पाहणाऱ्यांशी बोलणे सोपे जात होते. रात्री साडेअकराच्या सुमारास दूरच्या कोणत्या तरी नोडचा स्क्वेल्च (संकेत नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडा राहिला आणि तिकडून सतत खरखर येऊ लागली. माझा नोड इमानेइतबारे ती खरखर रिपीटरवर सोडत राहिला. नोडचा रेडिओ एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही, त्यामुळे तो प्रसारण करत असताना जोड तोडण्यासाठी मी हँडसेटवरून दाबलेल्या कळा त्याला ऐकूच येत नव्हत्या. रिपीटर तीन मिनिटांनी स्वतःच्या वेळमर्यादेने गप्प व्हायचा, क्षणभर शांतता व्हायची, आणि मी कळ दाबेपर्यंत पुन्हा खरखर सुरू व्हायची. त्याच वेळी गावाच्या पलीकडचा एक हॅम ऑक्सिजनच्या सिलिंडरची मागणी सांगत होता, आणि त्याचा आवाज नोडच्या आवाजाखाली दबत होता. शेवटी मी टॉर्च घेऊन खोलीत गेलो आणि नोडची पिन उपटली. त्या निरोपाला अकरा मिनिटे उशीर झाला. सिलिंडर वेळेत पोहोचले, पण ती अकरा मिनिटे मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मी तीन बदल केले. इंटरनेटवरून येणाऱ्या सलग आवाजाला नोडवरच नव्वद सेकंदांची मर्यादा घातली. नोड बंद करण्यासाठी वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकणारा दुसरा रिसीव्हर बसवला, म्हणजे मुख्य रेडिओ प्रसारण करत असला तरी हुकूम पोहोचतो. आणि स्थानिक आपत्तीत रिपीटर कायमचा जोडून ठेवायचा नाही असा नियम केला. बाहेरच्यांशी बोलण्यासाठी वेगळी फ्रिक्वेन्सी आणि वेगळा माणूस नेमलेला असतो, आणि तो निवडक निरोपच आत आणतो.

नवश्रोती

मला अजून परवाना मिळालेला नाही, परीक्षेची तयारी चालू आहे. दोन प्रश्न विचारते. फोनवर इकोलिंक घेतले तर आपत्तीत माझा काही उपयोग होईल का? आणि जोडलेल्या रिपीटरवर बोलताना वेगळे काय पाळावे लागते?

दीर्घलहर (धागाकर्ता)

नवश्रोतीताई, प्रश्न विचारलेत हे फार चांगले केलेत. परवाना मिळेपर्यंत इकोलिंकवर नोंदणी होणार नाही, कारण तिथे कॉल-साइनची पडताळणी होते. पण साध्या रिसीव्हरवर रिपीटर ऐकणे आजपासून सुरू करता येईल, आणि नेट कसे चालते हे कानाला जेवढे कळते तेवढे वाचून कळत नाही. परवाना मिळाल्यावर प्रथम ९९९९ या चाचणी क्रमांकाला जोडून घ्या. तुम्ही बोललेले तो तुम्हालाच परत ऐकवतो, त्यामुळे आवाज फाटतो आहे का हे कोणालाही त्रास न देता समजते. रिपीटर सार्वजनिक जाळ्याला जोडण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि काही ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, तेव्हा नोड उभा करण्यापूर्वी आपल्या परवाना देणाऱ्या खात्याचे नियम पाहणे आवश्यक आहे.

फोनवरच्या इकोलिंकचा उपयोग तुम्ही आपत्तीच्या क्षेत्राबाहेर असाल तेव्हा सर्वांत जास्त आहे. तुमची वीज आणि इंटरनेट शाबूत असते, तुम्ही तासन्‌तास बसून निरोप लिहून घेऊ शकता, आतल्या थकलेल्या नियंत्रकाला विश्रांती देऊ शकता. क्षेत्राच्या आत मात्र त्याच फोनचा भरवसा धरू नका.

बोलण्याच्या शिस्तीत सर्वांत मोठा फरक थांबण्याचा आहे. साखळीतले रिपीटर आणि नोड जागे व्हायला वेळ लागतो, म्हणून कळ दाबल्यावर एक-दोन सेकंद थांबून मग पहिला शब्द उच्चारायचा, नाहीतर कॉल-साइनचा पहिला अर्धा भाग हवेत विरतो. समोरच्याचे बोलणे संपल्यावरही दोन-तीन सेकंद मोकळे सोडायचे, कारण त्याच फटीतून तातडीचा निरोप असलेला माणूस आत येऊ शकतो. तारयंत्र यांच्या प्रसंगात ती फटच उरली नव्हती.

शलाका

या शिस्तीत खासगीपणाचा मुद्दा जोडावासा वाटतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतल्या २५व्या कलमात २००३ साली जे बदल झाले, त्यांनुसार हौशी केंद्रांना आपत्तीच्या वेळी त्रयस्थांचे निरोप एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचवण्याची मुभा आहे, आणि हौशी केंद्रांनी आपत्तीतल्या संपर्काची तयारी करावी यासाठी देशांना प्रोत्साहनही दिले आहे. मात्र त्याच कलमानुसार अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करता येत नाहीत. म्हणजे आपण जे बोलतो ते कोणीही ऐकू शकतो, आणि रिपीटर जोडलेला असेल तर ते कोणत्या देशातल्या किती रिपीटरांवर वाजते आहे याचा आपल्याला अंदाजही नसतो.

मी एका निवारा केंद्राच्या टेबलावर काम केले आहे. तिथे एका स्वयंसेवकाने जखमी मुलीचे पूर्ण नाव, वय आणि दुखापत जोडलेल्या रिपीटरवर वाचून दाखवली, आणि तिच्या घरच्यांना ती बातमी आमच्याकडून कळण्याआधी तिसऱ्याच कोणाकडून कळली. तेव्हापासून आम्ही कागदावर प्रत्येक व्यक्तीसमोर क्रमांक लिहितो, नावांची यादी हातोहात पोहोचवतो आणि हवेत केवळ क्रमांक, गरज आणि ठिकाण सांगतो. हा क्रमांक नियमात बसेल ना, अशी शंका कोणाला येऊ शकते. आमच्या टेबलावर आम्ही वाक्याचा अर्थ लपवत नाही, नाव सांगण्याचे टाळतो एवढेच, आणि तरीही आमच्या खात्याकडून आधी खात्री करून घेतली होती.

अनुनाद

चर्चा आवाजाभोवती फिरते आहे म्हणून विनलिंकबद्दल लिहितो, कारण दीर्घलहर यांचा मुख्य मुद्दा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. विनलिंकमध्ये आपण संगणकावर ई-मेल लिहितो, मोडेम त्याचे सुरांत रूपांतर करतो आणि रेडिओ ते दूरच्या एका प्रवेशद्वार-केंद्रापर्यंत नेतो; तिथून पुढे ते इंटरनेटवर जाते. गावातच असलेले व्हीएचएफचे (हँडसेटच्या, नजरेच्या टप्प्याच्या लहरींचे) प्रवेशद्वार वेगवान आणि सोपे असते, पण गावाचे इंटरनेट गेले की तेही निरुपयोगी होते. लघुलहरींवर मात्र आपण आठशे किलोमीटरवरचे प्रवेशद्वार निवडू शकतो, जिथे पाऊसही पडलेला नसतो, आणि तिथल्या इंटरनेटवरून औषधांची यादी थेट रुग्णालयाच्या टपालपेटीत जाते. वेग फार कमी असतो हे खरे. पण साठ औषधांची नावे आणि मात्रा तोंडी सांगताना होणाऱ्या चुका जो एकदा ऐकेल, त्याला तीन मिनिटे थांबणे जड जाणार नाही. इंटरनेट कुठेच नसेल तर दोन केंद्रे एकमेकांना थेट निरोप देऊ शकतात, आणि केवळ रेडिओवरून केंद्राकडून केंद्राकडे पुढे सरकवण्याचीही सोय त्यात आहे.

तारयंत्र

अनुनाद यांनी महत्त्वाचे लिहिले आहे. त्याला विजेचा हिशेब जोडतो, कारण दुवा तुटण्याआधी बॅटरी संपते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा ना वादळ होते ना भूकंप, तरी मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांत उतरू लागल्या आणि फोन मुके होत गेले.

आमच्या नोडला १२.८ व्होल्टची २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, म्हणजे सुमारे २५६ वॉट-तास. छोटा संगणक, राऊटर आणि ऐकणारा रेडिओ मिळून वीस वॉट धरले तर ती बारा तासांहून थोडी अधिक पुरते, आणि कागदावर आम्ही तेवढेच लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात नेट जोरात चालले की नोड निम्मा वेळ प्रसारण करतो. २५ वॉटच्या प्रसारणाला रेडिओ सहा अँपिअर म्हणजे ऐंशी वॉटच्या आसपास ओढतो, सरासरी पंचावन्न वॉटवर जाते आणि बारा तासांचे साडेचार होतात. नोड रिपीटरपासून दोन किलोमीटरवर आहे, त्याला २५ वॉटची काहीच गरज नव्हती. शक्ती पाच वॉटवर आणल्यावर रिपीटरवर आवाजात तिळमात्र फरक पडला नाही.

दीर्घलहर (धागाकर्ता)

या धाग्यामुळे आमच्या गटाने काल सराव घेतला, त्याचा वृत्तान्त देतो. कोणालाही वेळ न सांगता, नेट चालू असताना, मी दहा वाजून वीस मिनिटांनी नोडच्या राऊटरची केबल काढली. पहिली चार मिनिटे कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण दूरचे केंद्र गप्प आहे असे सर्वांना वाटत राहिले. नोड जोड तुटल्याची घोषणा करतो, पण ती इंग्रजीत आणि इतक्या हळू आवाजात होते की नियंत्रकाने ती ऐकूनही सोडून दिली. पाचव्या मिनिटाला एकीने रिपीटरवर स्थानिक नेट सुरू केले, आणि ते सुरळीत चालले. ध्रुवमत्स्य यांनी लिहिलेली वीस मीटरची तार दोघांनी दोन बांबूंमध्ये चार मीटरवर ताणली. पहिला लघुलहरींचा संपर्क अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला झाला, कारण फीडरच्या (अँटेनेला रेडिओशी जोडणाऱ्या केबलच्या) एका टोकाचा कनेक्टर रेडिओला बसत नव्हता आणि जोडणी घरून आणावी लागली.

आता ती जोडणी तारेच्या पिशवीतच शिवून टाकली आहे, घोषणा मराठीत आणि मोठ्या आवाजात नव्याने ध्वनिमुद्रित केली आहे, आणि नियंत्रकाने दर दहा मिनिटांनी दूरच्या केंद्राकडून पोच घ्यायची असे ठरले आहे. पुढच्या महिन्यात केबलऐवजी मुख्य वीज बंद करणार आहोत, कारण तारयंत्र यांचा साडेचार तासांचा आकडा आमच्या बॅटरीवर पडताळून पाहायचा आहे.